आम्लपित्ताच्या गोळीचा इतिहास

मी वैद्य नव्हें आणि डॉक्टरही नव्हें. सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेला. तेव्हां आम्लपित्तावरील औषधाविषयीं बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, अशी शंका आपणांस आल्यास ती रास्तच आहे. अधिकार इतकाच कीं, एका डॉक्टरांनीं चवदा दिवसांपुरती लिहून दिलेली गोळी मीं साडेतीन वर्षें घेतली, आणि त्याचें प्रायश्चित्त भोगतांना या गोळीची वंशावळ शोधण्याचा मला नाद लागला.

छातींत जळजळ, आंबट ढेकर, घशाशीं येणें हें दुखणें आजचें नव्हे. माधवनिदानांत अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु जठरांत जें आम्ल असतें तें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें प्रसिद्ध केलें तें १८२४ सालीं. त्याच सुमारास, १८२२ सालीं, अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणाच्या पोटांत बंदुकीचा बार घुसला. तो वांचला, पण जखमेचें भोंक कायमचें राहिलें. आणि विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें त्या झरोक्यांतून अन्न पचतांना प्रत्यक्ष पाहिलें. त्याचा ग्रंथ १८३३ सालीं निघाला. एका गरिबाच्या पोटाला पडलेली ती खिडकी साऱ्या जगाच्या उपयोगी पडली. त्या गरिबाला तिचा किती कंटाळा आला असेल, हें मात्र इतिहासकार सहसा विचारीत नाहींत.

आम्लावर अल्क हा उपाय सुचण्यास पांडित्य लागत नाहीं. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिपी यांनीं १९१५ सालीं त्याची शिस्तवार पद्धत बांधून दिली : तासातासाला दूध-साय आणि मधल्या वेळीं अल्कधर्मी चूर्णें. आराम पडे, परंतु १९२३ सालींच दिसून आलें कीं, कांहीं रुग्णांना त्यापायीं मळमळ व डोकेदुखी जडते आणि मूत्रपिंडांस इजा होते. दूध आणि सोडा, इतके निरुपद्रवी जिन्नस! पण मात्रा व मुदत यांचा विचार सुटला कीं निरुपद्रवीपणा संपतो.

पुढें जेम्स ब्लॅक यांनीं निराळा मार्ग धरला. झालेलें आम्ल मारण्यापेक्षां तें निर्माण करण्याची आज्ञाच जठराला पोहोंचूं न देणारें सिमेटिडीन हें औषध १९७६ सालीं इंग्लंडांत विक्रीस आलें, आणि १९८८ सालीं ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच कुळांतील रॅनिटिडीन आपल्याकडे घरोघरीं पोहोंचलें. पण २०१९ सालीं त्यांत कर्करोगाचा संशय असलेलें एक द्रव्य आढळलें, २०२० सालीं अमेरिकेंतील बाजारांतून तें उठलें, व २०२२ सालीं भारताच्या आवश्यक औषधांच्या यादींतूनही गळलें. जुनी चिठ्ठी दाखवून जुनें औषध मागणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

आज बहुतेकांच्या डब्यांत असतें तें ओमेप्राझोल अथवा त्याचें भावंड पँटोप्राझोल. यांतील ओमेप्राझोल १९८८ सालीं स्वीडनमध्यें प्रथम विक्रीस आलें. त्याची करामत मोठी गमतीची आहे. जठराच्या भिंतींतील पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. तेच हें औषध बंद पाडतें. परंतु जठरांतील आम्लानें तें स्वतःच नाश पावतें. म्हणून त्यावर आवरण असतें, आणि तें आंतड्यांत विरघळून रक्तावाटे पुन्हां त्या पेशींकडे येतें. गोळी चावली वा कुटली तर हा सारा प्रवासच फुकट. शिवाय तें पकडतें फक्त चालू असलेले पंप, आणि ते चालू होतात जेवणानें; यास्तव सामान्यतः न्याहारीपूर्वीं अर्धा ते एक तास तें घ्यावयाचें. मी काय करीत असें? भरल्या पोटीं, रात्रीं, सुपारी कातरतां कातरतां!

एका पावसाळ्यांत मीं आपल्या मनानेंच गोळी एकदम बंद केली. चौथ्या दिवशीं अशी आग उठली कीं, हा रोग आतां जन्माचा, अशी माझी खात्री झाली. नंतर कळलें कीं २००९ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग केला होता. ज्यांनीं आठ आठवडे अशी गोळी घेतली, त्यांपैकीं ४४ टक्क्यांना ती थांबविल्यावर आम्लाचा त्रास झाला. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांच्यांत हें प्रमाण १५ टक्के होतें. दाबून ठेवलेलें जठर सुटतांच दुप्पट जोरानें कामास लागतें, त्यास रोग समजून आपण पुन्हां डबा उघडतों.

शेवटीं ज्या डॉक्टरांकडे गेलों त्यांनीं प्रथम विचारलें : शौचास काळें होतें काय, घांस अडकतो काय, वजन घटलें काय, छातींतली कळ हाताकडे जाते काय? यांपैकीं कांहीं असतें तर गोळीनें तें नुसतें झांकलें असतें. पर्थचे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं तर सिद्ध केलें कीं, जठराच्या पुष्कळशा व्रणांचें मूळ एका जंतूंत आहे. मार्शल यांनीं १९८४ सालीं तो जंतु स्वतः प्राशन केला, आणि २००५ सालीं दोघांना नोबेल मिळालें. असा व्रण नुसत्या आम्लाच्या गोळीनें निववितां येतो, मुळापासून जात नाहीं. मग इतर औषधांची चौकशी झाली. कारण हृदयविकारांत देतात त्या क्लोपिडोग्रेलचा गुण ओमेप्राझोलनें कमी होऊं शकतो. रक्त तपासलें, तेव्हां ब-१२ जीवनसत्त्व कमी भरलें. दीर्घकाळ गोळी घेणारांत असें होतें.

माझी गोळी एकाआड एक दिवस करीत हळूहळू सुटली. माझ्या थोरल्या बंधूंची मात्र सुटावयाची नाहीं. संधिवाताच्या औषधापासून जठराचें रक्षण व्हावें म्हणून ती त्यांना दिलेली आहे, आणि माझें पाहून त्यांनीं ती सोडूं नये म्हणून मीं त्यांना मुद्दाम पत्र लिहिलें.

ती पहिली चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. मुलांच्या वहींत एक अनुस्वार सुटला तरी मला दिसे. त्या चिठ्ठीवर ठळक लिहिलेलें ‘१४ दिवस’ साडेतीन वर्षें दिसलें नाहीं.