शब्दवेध : शाकंभरी

आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांतली हिवाळ्याची म्हातारी म्हणजे ‘कॅल्याख’. लॅटिन ‘पॅलियम’, म्हणजे झगा, यावरून आलेल्या या नावाचा मूळ अर्थ ‘बुरखेवाली’. भूमी झाकते ती. आपली पौषातली शाकंभरी नेमकी उलट. ‘विश्वंभर’ तसंच ‘शाकंभरी’: शाक अधिक ‘भृ’, म्हणजे पोसणं. ‘भाज्यांनी भरलेली’ हा अर्थ सोपा वाटतो, आणि मराठी ‘भरणे’ही त्याच धातूचं, पण दुर्गासप्तशतीत देवी स्वतःच्या देहातून उगवलेल्या शाकांनी जग जगवते, तेव्हा ‘पोसणारी’च खरी.

कुणी म्हणेल, ती कथा शंभर वर्षांच्या अवर्षणाची. तिचा थंडीशी काय संबंध? कथेत नाही, पण पंचांगात आहे. तुळजापूरचं शाकंभरी नवरात्र पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत चालतं. तेव्हा जालन्याच्या शिवारात शाळू उभा असतो, हरभरा घाट्यावर येतो. युरोपातला हिवाळा उपाशी, आपला रब्बीचा. उपाशी असतो तो आपला उन्हाळा. अंबडच्या मत्स्योदरीला माशासारख्या डोंगरानं नाव दिलं, शाकंभरीला तिच्या कामानं.