वाऱ्याने मारलेले झाड

आमच्या घरात दोन पिढ्या झाडे पाडण्याचे काम होते. आजोबांनी केले, वडिलांनी केले. मी मास्तर झालो, म्हणून माझे दोन्ही खांदे शाबूत आहेत. वडिलांचा डावा खांदा फणस पाडताना गेला. खोड कलायला लागले आणि वर अडकून राहिलेली एक मोडकी फांदी सुटून खाली आली. झाड मात्र हवे तिथेच पडले होते, हे ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत.

आमचे गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. आजोबांची रीत अशी, की आदल्या संध्याकाळी नुसतेच झाडाकडे जायचे. कुऱ्हाड घरी. बुंध्याशी नारळ ठेवायचा, वर जे कोण वस्तीला असेल त्याने दुसरीकडे जावे म्हणून गाऱ्हाणे घालायचे आणि मान वर करून झाडाभोवती फिरायचे. लहानपणी मला हा देवभोळेपणा वाटे.

पुढे वराहमिहिराची बृहत्संहिता वाचनात आली. सहाव्या शतकातला हा ग्रंथ, आणि मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे जावे यावर त्यात एक अख्खा अध्याय आहे. रात्री झाडाची पूजा करायची, तिथे राहणाऱ्या भूतांना निघून जाण्याची विनंती करायची. सकाळी झाडावर पाणी शिंपडून, मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीने पहिला घाव ईशान्येला घालायचा, मग उरलेले प्रदक्षिणेने. झाड पूर्वेला, ईशान्येला किंवा उत्तरेला पडले तर शुभ. पंडित याला शकुन म्हणोत. आमच्या घरातले शेंबडे पोरही सांगेल, की पहिली खाच ज्या अंगाला खोल घ्याल त्या अंगाला झाड कलते. शुभशकुन घडवून आणायची युक्ती पहिल्या घावातच सांगून ठेवली आहे!

त्याहून मला मोलाची वाटते ती वर्ज्य झाडांची यादी. स्मशानातले, वाटेवरचे, देवळाजवळचे झाड नको. वेलींनी आवळलेले, सुकलेले, हत्तीने मोडलेले, मधाचे पोळे असलेले नको. विजेने किंवा वाऱ्याने मारलेलेही नको. ग्रंथाला त्यात अशुभ दिसते. मला त्या यादीमागे एखादा जुना झाडतोड्या उभा दिसतो. वेलींनी बांधलेले झाड पडताना शेजारच्या झाडाला ओढते. पोळे उठले की पळता भुई थोडी होते. आणि वाऱ्याने मारलेल्या झाडात मोडलेली फांदी टांगलेली असते. तोडणाऱ्याची नजर बुंध्याशी, घावागणिक झाड हादरते आणि फांदी नेमकी त्याच्या डोक्यावर.

पण झाड निवडणे तोडणाऱ्याच्या हाती कधी होते? अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. आरमाराला लाकूड लागते, तरी रयतेने लेकरांसारखे वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे, असे त्यात सांगितले आहे. हे वाचून सगळे गहिवरतात, मीही गहिवरतो. फक्त आमच्या बाजूने एवढेच म्हणायचे, की मग कुऱ्हाडवाल्याच्या वाट्याला आंब्या-फणसांतले जीर्णच तेवढे उरले. पोकळ बुंधा, सुके शेंडे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातही वाळलेल्या, रोगट किंवा जीवाला धोका असलेल्या झाडाला परवानगी मिळू शकते. नियम योग्यच आहे. पण ज्या झाडापासून लांब राहा म्हणून वराहमिहिर सांगतो, तेच आमच्या माणसांना पाडावे लागले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडचीही दैना करून गेले. आमच्या मागच्या दारचा रायवळ आंबा मुळातून हलून घराकडे कलला, त्याची एक जाड फांदी मोडून दुबेळक्यात अडकली. पाडायला आलेला मुलगा पेट्रोलची करवत घेऊन आला होता. ही करवत गेल्या शतकात जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी बाजारात आणली तेव्हा ती चालवायला दोन माणसे लागत. आता एकटा पोरगा खांद्यावर टाकून फिरतो. त्याने दोरी ओढून ती सुरूही केली.

ऐंशीच्या घरातले आमचे काका ओटीवरून ओरडले, "बंद कर ते आधी! वर बघितलंस का?"

"बघितलं आजोबा. घट्ट अडकलीय."

"घट्ट आहे ते तुला कोणी सांगितलं? तिने?"

काकांचा त्या यंत्रावर एकच राग. कुऱ्हाडीच्या दोन घावांमध्ये झाड कुरकुरलेले ऐकू येते, करवतीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मला तो राग रास्त वाटतो.

मग सगळे त्यांच्या मताने झाले. पोरेबाळे, कुत्री घरात कोंडली. सुतळीला दगड बांधून तो लांबून फांदीवरून पलीकडे टाकला. तो चौथ्या खेपेला पोचला. सुतळीमागून काथ्याचा दोर ओढून घेतला. चौघांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावरून, एका बाजूला उभे राहून ओढले. फांदी हलली, पण सुटेना. काकांनी दोर सोडायला लावला आणि त्या भागाला काटे घालून वाट बंद केली. मुलगा चिडला, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडत होती. ती आम्ही दिली.

तिसऱ्या रात्री पावसात फांदी आपणहून पडली. सकाळी मुलाने आधी माघारी पळायची तिरकी वाट साफ केली, घराच्या विरुद्ध अंगाला खाच घेतली, झाडाला दोराचा ताण दिला, मागून कापताना चार बोटे लाकूड राखले आणि पाचर ठोकली. आंबा परसात पडला.

फांदी मोजली, सव्वीस फूट भरली. खाली आली होती ती मुलगा पहिल्या दिवशी करवत घेऊन उभा होता तिथेच.