मूठभर तांदूळ

१८६४ साली केरळमधील सीरियन कॅथलिकांचे व्हिकर जनरल फादर कुरियाकोस इलियास चावरा (२०१४ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले) यांनी प्रत्येक ख्रिस्तमंदिरालगत शाळा काढण्याचा आदेश दिला. मल्याळममध्ये ‘पळ्ळी’ म्हणजे चर्च व ‘पळ्ळिक्कूडम’ म्हणजे शाळा. शब्दांचे हे शेजारपण आम्हांस फार भावते. परंतु आदेशाने शाळा उघडते, उपाशी लेकरू काही वाचू लागत नाही. म्हणून ‘पिडियरी’ची प्रथा योजिली गेली. गृहिणीने भात रांधताना मूठभर तांदूळ वेगळा ठेवावयाचा, तो घरोघर गोळा करावयाचा आणि त्यातून गरीब मुलांना दुपारचे जेवण द्यावयाचे. मान्नानमजवळील आर्पूक्करा येथे चावरांनी दलित मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या पानातही हाच भात पडे.