वाणिज्य आणि विद्या यांची सोयरीक

वाणिज्य ही पोटाची विद्या आणि इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय ही फावल्या वेळची, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. आम्ही सरकारी कारकून; आकड्यांत दिवस घालवणारे. त्या आकड्यांमागील माणसे ओळखण्याची दृष्टी कोणत्या शिक्षणाने येते, हा प्रश्न आमच्यापुरता तरी केवळ चर्चेचा नाही.

फिलाडेल्फियाचे कारखानदार जोसेफ व्हार्टन यांनी १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास एक लक्ष डॉलर दिले आणि अमेरिकेतील पहिली विद्यापीठीय व्यापारशाळा उभी राहिली. तोवर धंदा शिकायचा तो पेढीवर उमेदवारी करून, किंवा जमाखर्चाच्या खाजगी वर्गांत. व्हार्टन यांनी तो विद्यापीठाच्या अंगणात आणला. विद्यार्थी दोन वर्षे सामान्य महाविद्यालयीन शिक्षण घेऊन मग या शाखेत येत. तेथे हिशेब व व्यापारी कायदा यांच्या पंक्तीला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व इतिहास बसत.

पुढे व्यापारशाळा वाढल्या, तसा अभ्यासक्रम आखडत गेला. १९५९ साली फोर्ड व कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या साहाय्याने झालेल्या दोन पाहण्यांनी या संकुचितपणावर कठोर टीका केली. त्यांपैकी गॉर्डन आणि हॉवेल यांनी तर पदवीचा निदान निम्मा भाग सामान्य शिक्षणासाठी राखावा, असे सुचविले. १९९४ साली पेनसिल्व्हेनियातच व्यापार आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास यांच्या दोन पदव्या एकत्र देणारा हंट्समन अभ्यासक्रम सुरू झाला. जुनी सोयरीक नव्याने जुळली.

आपल्याकडे मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. तेथे १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवीत. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र व तत्त्वज्ञान अभ्यासले होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथात चलनाचा विचार त्याच्या इतिहासासह येतो. हिशेब आणि इतिहास एका बुद्धीत नांदल्यावर काय घडते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही.

२०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास अनुमती दिली. दार उघडले, हे उत्तम झाले. परंतु दोन प्रमाणपत्रे एका पेटीत ठेवल्याने दोन विद्या एकत्र येत नाहीत. ताळेबंद वाचताना मजुरीच्या रकमेपाशी जो क्षणभर थांबतो आणि ती कोणाची, किती श्रमांची, असे स्वतःस विचारतो, त्याच्याच ठायी ही सोयरीक खरी जुळली, असे आम्ही मानतो.