आंबटाने तारलेले सोरपोतेल

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळचे सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आणि कलेजीचे आंबट-तिखट कालवण, नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच शिजवून ठेवतात. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि हा पदार्थ त्यांच्याबरोबर आला, एवढ्यावर त्याची कुळकथा बहुतेक वेळा आटोपते. मूळ तिकडचेच, यात वाद नाही. पोर्तुगालच्या आलेन्तेजू भागात ईस्टरला कोकराचे काळीज, रक्त वगैरे घालून सारापातेल करतात, ईशान्य ब्राझीलमध्ये त्याच नावाने डुकराचे करतात. पण गोव्याचे सोरपोतेल शिळे होऊन चवीला चढते, आणि हा गुण त्याला माडाने दिला, असे माझे म्हणणे आहे. डुक्कर कापले की सर्वांत आधी नासते ते काळीज आणि रक्त. म्हणून मांस आणि कलेजी उकडून वाटाण्याहून जरा मोठे तुकडे करायचे, ते डुकराच्याच चरबीत परतायचे, आणि सुकी लाल मिरची, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी हे वाटण पाण्यात नव्हे, माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटायचे. माडी आंबते तेव्हा आधी तिच्यातल्या साखरेची दारू होते आणि मग जिवाणू त्या दारूचे ॲसेटिक आम्ल करतात. तुकडे बारीक असल्याने आंबट आतपर्यंत मुरते, आम्लात नासवणारे बहुतेक जंतू वाढत नाहीत, आणि रोजची एक उकळी उरलेले काम करते.

यावर कोणी म्हणेल, मांस आंबटात मुरवणे पोर्तुगीजांचेच, विंदालूही त्यातूनच निघाले. मिरचीसुद्धा त्यांनीच आणली. सगळे मान्य. पण त्यांचे आंबट द्राक्षाच्या दारूचे, आणि ती समुद्रापलीकडून यायची. इथे दारोदारी मिळणारे, स्वस्त आंबट माडाचे होते. सोरपोतेलाबरोबरच्या सान्नांचे, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचे, पीठही परंपरेने माडीनेच फुगवतात.

पोषणाचा हिशेबही इथूनच लागतो. आंबटाने वाचवली ती नेमकी सर्वांत कसदार गोष्ट. डुकराच्या 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे 23 मिलिग्रॅम लोह असते, त्यातले बरेचसे पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागते; ब12 तर भरपूर. चरबीबद्दलचा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. फ्रिज नव्हते तेव्हा वर गोठलेला चरबीचा थर हवा आत जाऊ देत नसे, म्हणून तो उपयोगाचा. आता तो खुशाल काढून टाकावा. आणि कलेजीत 'अ' जीवनसत्त्व फार असल्याने गरोदर बायकांनी सोरपोतेल टाळलेलेच बरे.