अल्फाफोल्ड
अल्फाफोल्ड : ॲमिनो अम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने ती विकसित केली. प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते. पण क्ष-किरण स्फटिकालेखनासारख्या पद्धतींनी एकेक रचना उलगडण्यात संशोधकांची कित्येकदा वर्षे जात. १९९४ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या ‘कॅस्प’ या चाचणीत अद्याप जाहीर न झालेल्या रचना ओळखायच्या असतात. २०२० मध्ये अल्फाफोल्डच्या दुसऱ्या आवृत्तीने तेथे बहुतांश प्रथिनांबाबत प्रयोगाच्या तोडीची अचूकता गाठली. याचे श्रेय एकट्या संगणकाला देणे अन्यायाचे ठरेल : प्रणाली शिकली ती १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रोटीन डेटा बँकेत जमा केलेल्या रचनांवर, शिवाय निरनिराळ्या सजीवांतील सजातीय क्रमांची तुलनाही तिच्या कामी येते. २०२२ मध्ये वर्तविलेल्या २० कोटींहून अधिक रचना सर्वांना मोफत खुल्या झाल्या. डीपमाइंडच्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला प्रथिनांचे संगणकीय अभिकल्पन करणाऱ्या डेव्हिड बेकर यांना. निश्चित घडी नसलेले भाग, प्रथिनाची हालचाल आणि एखाद्या उत्परिवर्तनाचा परिणाम यांबाबत मात्र अल्फाफोल्डचे अंदाज तोकडे पडतात. रचनेच्या प्रत्येक भागासोबत विश्वासार्हतेचा अंक दिलेला असतो. औषधसंशोधनात तो न पाहता नुसत्या आकृतीवर विसंबणे धोक्याचे.