पाने सहा आणि एक भेंडी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त दिवाळीचे. घर भरले होते. पुतण्याचा मुलगा, म्हणजे नात्याने माझा नातूच, कृषी विषयात पीएच.डी. करतो आहे, तोही आला होता. जेवताना कोणीतरी सहज विचारले, "काय रे, तुझे पेपर किती झाले?" तो म्हणाला, "दोन." त्यावर एका पाहुण्यांनी आपल्या जावयाचे बावीस सांगितले. पोरगा खाली मान घालून ताटाकडे बघत राहिला. ताटात नेमकी भेंडीची भाजी होती!

मी त्या वेळी काही बोललो नाही. पण नंतर दोन-तीन दिवस ती भेंडी काही डोक्यातून जाईना. कारण त्या पोराला द्यायचे उत्तर त्या ताटातच होते. मास्तरला उत्तर सुचते ते तास संपल्यावर, असे आमचे एक सहकारी म्हणत. तसेच झाले. असो. उशिरा का होईना, लिहून टाकतो.

आमच्या लहानपणी गंगापूरच्या शेतात विहिरीजवळ आई भेंडीच्या चार ओळी लावायची. पावसाळ्यात झाडे गुडघ्याएवढी होईपर्यंत छान हिरवीगार असत. मग एखाद्या सकाळी पानांच्या शिरा पिवळ्या दिसू लागत. आठ-पंधरा दिवसांत सगळे पान पिवळे पडे आणि भेंडी आखूड, पांढुरकी, लाकडासारखी निबर निघे. "केवडा आला" असे आई म्हणायची. कोणी ह्याला हळद्या म्हणतात. आई राख टाकायची, वडील आजारी झाडे उपटायचे. उपयोग होत नसे. कसा होणार? तो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा झाडाला लागला की त्यावर औषध नाही. मुंबई इलाख्यात ह्या रोगाची नोंद 1924 साली झाली होती, म्हणजे आईच्या भेंडीच्या कितीतरी आधी शास्त्रज्ञांना तो ठाऊक होता. ठाऊक असणे वेगळे आणि उपाय सापडणे वेगळे.

उपाय म्हणून 1950 च्या दशकात दिल्लीच्या पुसा संस्थेने 'पुसा सावनी' नावाचा भेंडीचा वाण काढला. तो देशभर पसरला. काही वर्षे केवड्यापुढे टिकलाही. पण पुढे त्याची ताकद गेली आणि तोही पिवळा पडू लागला.

आता इथे आपल्या मराठवाड्याचा प्रवेश होतो. परभणीला शेतकी महाविद्यालय 1956 साली निघाले. आपण हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो तेच हे वर्ष. पुढे 18 मे 1972 रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तारीख लक्षात घ्या. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि ज्याला आम्ही अजून नुसते 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो तो सुरू झाला. मी तेव्हा बी.ए. करत होतो. रेशनवर मिळणारी ती तांबडी मिलो ज्वारी, रोजगाराच्या कामावरची खडी फोडणारी माणसे, सुकडी... सगळे डोळ्यांसमोर आहे. अशा वर्षी जन्मलेल्या विद्यापीठाकडून लोक काय मागणार? बियाणे मागणार, दुसरे काय!

त्या विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर ह्या दोन शास्त्रज्ञांनी भेंडीचा केवडा हाती घेतला. त्यांनी पाहिले की भेंडीच्या नात्यातली एक रानटी जात आहे, तिला हा रोग बाधत नाही. मग हा गुण घरच्या भेंडीत आणायचा कसा? दोघींचा संकर करायचा. पण हे नाते फार दूरचे. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याच जुळत नाही. संकर झाला तरी पुढची पिढी बहुतेक वांझ निघते. शिवाय रानटी जातीकडून केवड्याला दाद न देण्याचा गुण येताना तिचे नको ते गुणही सोबत येतात. म्हणून त्या संकरित रोपांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करायचा, त्यातून निरोगी झाडे निवडायची, त्यांचे बी पेरायचे, पुन्हा निवडायची, असे पिढ्यान् पिढ्या करत राहायचे. ह्यात एक मौजेची गोष्ट म्हणजे शेजारी मुद्दाम रोगट झाडे ठेवावी लागतात. रोग आलाच नाही तर कोण टिकले हे कळणार कसे? माझी आई जो केवडा येऊ नये म्हणून देवाला सांगायची, तो ह्या मंडळींना यायला हवा होता!

1981 साली त्या दोघांचा एक लेख एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पाने चार. त्यात म्हटले होते की रानटी जातीतली ही रोगप्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकामुळे येते. दहावीत आपण मेंडेलचे वाटाणे शिकलो, तोच हिशेब. गुण एकाच जनुकावर अवलंबून असेल तर त्याचा माग ठेवणे सोपे जाते. नंतर 1986 साली अमेरिकेतल्या एका उद्यानविद्येच्या नियतकालिकात दुसरा लेख आला. पाने दोन. त्यात तयार झालेल्या नव्या वाणाची माहिती होती. वाणाचे नाव 'परभणी क्रांती'.

चार आणि दोन, सहा पाने. पण त्या दोन लेखांच्या मध्ये आणि आधी किती पावसाळे, किती वाफे आणि किती हजार झाडे गेली असतील, ते त्या पानांत मावत नाही.

परभणी क्रांतीचे नाव देशभर झाले. महाराष्ट्राबाहेरच्या भाजीपाल्याच्या पुस्तकांतही ते येते. केवडा जिथे भेंडीचे पीकच बुडवायचा तिथे लोकांनी पुन्हा पावसाळी भेंडी लावली. शिवाय हा सरळ वाण होता. म्हणजे चांगली चार झाडे राखून शेतकऱ्याने स्वतःचे बी घरी धरावे आणि पुढच्या वर्षी पेरावे, अशी सोय होती. आमच्याकडे एकदा ते बी आले ते पाव किलोच्या पुडीत. त्यानंतर कितीतरी वर्षे आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले घरचेच बी चालले. त्या चिंधीवर ना जांभळ्यांचे नाव होते, ना नेरकरांचे, ना विद्यापीठाचे. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे मला फार उशिरा कळले. आईला तर कधीच कळले नाही.

आता मास्तराने पूर्ण इतिहास सांगितला पाहिजे, म्हणून पुढचेही सांगतो. परभणी क्रांतीही अमर ठरली नाही. विषाणू बदलत राहतो. वर्षे गेली तशी तीही काही ठिकाणी केवड्याला बळी पडू लागली. बंगळूरच्या संस्थेचा 'अर्का अनामिका' आला, मग खाजगी कंपन्यांचे संकरित वाण आले, आणि आज बाजारात बहुतेक बी त्यांचेच दिसते. ते बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. चिंधीचे दिवस गेले.

कापसातही हेच झाले. नांदेडच्या संशोधन केंद्राचा 'एनएचएच 44' हा संकरित कापूस एके काळी आपल्या भागात सगळीकडे होता. नांदेड-44 म्हणा, जुन्या माणसांना लगेच आठवेल. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. तो जनुक कंपन्यांच्या हातात होता, विद्यापीठाच्या नव्हता. बघता बघता नांदेड-44 दुकानांतून दिसेनासा झाला. त्याची बीटी आवृत्ती आली, पण फार उशिरा. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली होती. सरकारी संशोधनात खंड पडला, उशीर झाला, तर त्याचा हिशेब शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीमागे चुकवावा लागतो.

तरी सगळे संपलेले नाही. जालन्याच्या रस्त्यावर बदनापूर लागते, तिथल्या संशोधन केंद्राच्या 'बीएसएमआर 736' ने तुरीला मर आणि वांझ ह्या दोन्ही रोगांपासून वाचवले. रब्बीच्या ज्वारीत 'परभणी मोती' आहे. सोयाबीनमध्ये 'एमएयूएस 71' आणि 'एमएयूएस 612' आहेत. ह्यातली एमएयू ही अक्षरे म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. 2013 साली विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव दिले गेले, पण जुने नाव सोयाबीनच्या पोत्यावर अजून शिल्लक आहे. शिलालेखावर नाव राहते तसे हे बियाण्यावर राहिले!

हे फक्त आपल्याकडेच असे नाही. आपण ज्वारीला आपली म्हणतो, पण ती मूळची आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. त्या इथिओपियात अलेमाया येथे 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या मदतीने एक शेतकी महाविद्यालय निघाले. आज ते हरामाया विद्यापीठ आहे. तिथून 1973 साली गेबिसा एजेटा नावाचा खेड्यातला मुलगा पदवीधर झाला. हे गृहस्थ माझ्याच वयाचे. आपल्याकडे ज्वारीच्या मुळांवर टारफुला येतो ना, तोच तण आफ्रिकेत लाखो घरांची भाकरी खातो. ज्वारीच्या मुळांतून एक रसायन झिरपते, त्याच्या खुणेने टारफुल्याचे बी उगवते. एजेटांनी अमेरिकेत संशोधन करताना ही खूणच फारशी न देणारी ज्वारी शोधून काढली. 2009 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मिळाला तो मुळाशी जाऊन काम केले म्हणून. तिथेही मोजमाप शेतातच झाले.

पेपर लिहूच नयेत असे मला म्हणायचे नाही. 1981 चा तो चार पानी लेख नसता तर इतरांना तो जनुकाचा हिशेब कळला नसता आणि पुढचे काम अडले असते. पण आपल्या राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची दर वर्षी संयुक्त बैठक भरते, तिथे नवे वाण, नवी अवजारे आणि नव्या शिफारशी मान्य होतात. मला वाटते, घरच्या जेवणात विचारायचाच असेल तर प्रश्न तिथला विचारावा. "पेपर किती?" असे विचारण्यापेक्षा "कोणत्या रोगाच्या मागे लागला आहेस?" असे विचारावे.

एक कबुली देऊन थांबतो. मी तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. पैठणचे सातवाहन शिकवले, देवगिरीचे यादव शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. माझ्या वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची होती. त्यांच्या डब्यात भेंडी असायची. पण ती भेंडी तिथपर्यंत कशी आली, हा दोन तासांवरच्या परभणीचा इतिहास मी एकदाही सांगितला नाही. पुस्तकात नव्हता, म्हणून मलाही तो इतिहास वाटला नाही.

तेव्हा बाळ, हे वाचशीलच. तुझे दोन पेपर कमी नाहीत. तूर असो की भेंडी, ज्याच्या मागे लागला आहेस ते सोडू नकोस. आणि पुढच्या दिवाळीला येताना तुझ्या प्लॉटवरचे मूठभर बी घेऊन ये. विहिरीजवळची जागा अजून आहे. चिंधी मी शोधून ठेवतो.

मंडळी, तुमच्याकडे कोणाच्या घरी परभणी क्रांती लावत होते का? आठवत असेल तर जरूर कळवा.